एडिसनमधले भाड्याचे घर, साडेनऊ फुटांचे अंतर आणि मोठा टीव्ही

आपला प्रश्न थोडक्यात असा आहे. आपण न्यू जर्सीत एडिसन येथे दुसऱ्या मजल्यावरच्या भाड्याच्या घरात राहता. सोफ्यावर बसल्यावर डोळ्यांपासून टीव्हीच्या भिंतीपर्यंतचे अंतर साडेनऊ फूट भरते, सोफ्याच्या मागे पश्चिमेला उघडणारे बाल्कनीचे सरकते काचेचे दार आहे आणि जेवणाचे टेबल एका बाजूला, टीव्हीला बरेच तिरके पडते. जवळपास एकाच किमतीत आपल्यासमोर तीन पर्याय आहेत : 65 इंची ओएलईडी, 75 इंची मिनी एलईडी आणि 85 इंची साधा एलईडी. दर उन्हाळ्यात पुण्याहून आई-बाबा येतात आणि पाच-सहा महिने राहतात. क्रिकेट, मराठी मालिका, बातम्या आणि शनिवार-रविवारी चित्रपट असे घरातले पाहणे आहे. टीव्ही भिंतीवर लावावा का, आणि तीन वर्षांनी पुण्याला परतताना तो बरोबर न्यावा का, हेही आपण विचारले आहे.

मी ठाण्यात पिक्चर ट्यूबच्या टीव्हींचे एलओटी (ट्यूबला उच्च दाबाची वीज देणारे ट्रान्सफॉर्मर) बदलत हे काम शिकलो आणि गेली 22 वर्षे न्यू जर्सीत लोकांच्या घरी टीव्ही बसवून देणे व त्याचे चित्र जुळवून देणे हाच माझा व्यवसाय आहे. म्हणून उत्तर आधी सांगतो आणि कारणे मागाहून देतो : आपण 75 इंची मिनी एलईडी घ्यावा, तो टेबलावर ठेवावा आणि परतताना इथेच सोडून जावा.

आकारापासून सुरुवात करू. टीव्हीचे इंच म्हणजे पडद्याचा कर्ण, रुंदी नव्हे, हे सगळ्यांना माहीत असते आणि तरीही खोका घरी आल्यावर बहुतेकांचा अंदाज तिथेच चुकतो. 65 इंची पडदा सुमारे 57 इंच रुंद आणि 32 इंच उंच असतो, 75 इंची 65 इंच रुंद आणि 37 इंच उंच, तर 85 इंची 74 इंच रुंद आणि जवळजवळ 42 इंच उंच. 65 वरून 75 वर जाताना आकड्यात दहाचीच भर पडते, पण पडद्याचे क्षेत्रफळ एक-तृतीयांशाने वाढते. अंतराचा जो हिशेब आमच्या धंद्यात वर्षानुवर्षे चालत आला आहे तो असा की, बसण्याचे अंतर पडद्याच्या कर्णाच्या 1.2 ते 1.6 पट असावे, 1.2 पटीला चित्रपटगृहासारखे डोळे भरून दिसते आणि 1.6 पटीला रोजचे पाहणे आरामात होते. आपले साडेनऊ फूट म्हणजे 114 इंच. त्याला 1.6 ने भागल्यास 71 येतात आणि 1.2 ने भागल्यास 95. म्हणजे 65 इंची टीव्ही आपल्या खोलीत थोडा लहानच पडेल. 75 आणि 85 हे दोन्ही मापात बसतात.

मग 85 का नको, असे आपण विचाराल. त्याचे पहिले कारण आपण काय पाहता यात आहे. 4के पडद्यावर 3840 गुणिले 2160 ठिपके असतात, परंतु आपल्या घरी दिवसभर जे चालणार आहे त्यातला मोठा भाग इतक्या ठिपक्यांचा नाहीच. मराठी मालिका फार तर 1080 ओळींच्या असतात, आणि रविवारी दुपारी बाबा यूट्यूबवर जो जुना मराठी चित्रपट शोधून काढतील तो अनेकदा 480 ओळींचा, कडा विरघळलेला आणि वर कुणीतरी स्वतःचा शिक्का मारलेला असतो. टीव्हीतला प्रोसेसर मधले ठिपके अंदाजाने भरून काढतो, चांगला प्रोसेसर ते काम बऱ्यापैकी करतोही, पण मुळात नसलेला तपशील तो आणणार कुठून? पडदा जितका मोठा, तितकी ही उणीव उघडी पडते. जुने चित्रपट आणि मालिका यांचे प्रमाण मोठे असलेल्या घरात मी नेहमीच मापाच्या वरच्या टोकाला जाण्यापासून लोकांना थोडे मागे खेचतो.

तरीही माझ्या सांगण्यावर विसंबू नका. जुने खोके कापून 65 गुणिले 37 इंचांचा एक पुठ्ठा करा, तो रंगाऱ्याच्या निळ्या टेपने भिंतीवर चिकटवा आणि दोन दिवस तसाच राहू द्या. सकाळी चहा घेताना, रात्री दिवे मंद केल्यावर, जेवणाच्या टेबलावरून, असा सगळीकडून तो पाहा. नंतर त्याच्या भोवती टेपनेच 85 इंची चौकट आखा. घरातली माणसे आपसूकच बोलतात. एका घरी आजींनी त्या पुठ्ठ्याकडे बघून, ‘एवढं मोठं माणसाचं तोंड मला जेवताना समोर नको,’ असे सांगितले होते, आणि त्यावर कुठल्याही हिशेबाने उत्तर देता येत नाही.

85 इंचीला नकार देण्याचे दुसरे कारण अधिक महत्त्वाचे आहे. एकाच किमतीत मिळणारा 85 इंची साधा एलईडी आणि 75 इंची मिनी एलईडी यांत आकार कुठे वाढला हे दिसते, पण काय कापले गेले हे खोक्यावर लिहिलेले नसते. एलईडी टीव्ही म्हणजे खरे तर एलसीडी टीव्हीच. चित्र एलसीडीच्या काचेवर उमटते आणि तिच्या मागे प्रकाशासाठी एलईडी दिवे असतात. क्यूएलईडी म्हणजेही एलसीडीच, फक्त रंग अधिक शुद्ध करणारा एक थर त्यात जास्तीचा. मिनी एलईडी म्हणजे त्याच काचेमागे हजारो बारीक दिवे, शेकडो गटांत विभागलेले, जे चित्राच्या अंधाऱ्या भागात मंद होतात आणि उजळ भागात प्रखर. स्वस्त मोठ्या टीव्हीत असे गट नसतातच. अख्खा पडदा एकाच तेजाने उजळतो, म्हणून रात्रीच्या प्रसंगातला काळोख राखाडी दिसतो. खोक्यावर एचडीआर हे शब्द मात्र सगळ्यांच्याच छापलेले असतात. एचडीआरचा अर्थ असा की, दिव्याची ज्योत किंवा पाण्यावरचे ऊन बाकीच्या चित्रापेक्षा खरोखरच कितीतरी प्रखर दिसावे. त्यासाठी पडद्याला छोट्या भागात निदान 600 ते 1000 निट (निट हे तेजाचे एकक) इतके तेज देता आले पाहिजे. 300 निटचा पडदा एचडीआरचा संकेत स्वीकारतो, वरच्या कोपऱ्यात तशी पाटीही दाखवतो आणि चित्र पूर्वीपेक्षा अंधारे करून ठेवतो. ‘एचडीआर लावल्यावर काळोखच होतो,’ अशी तक्रार घेऊन मला बोलावले जाते तेव्हा दहापैकी आठ वेळा टीव्ही बिघडलेला नसतो.

आता खरी चुरस ओएलईडी आणि मिनी एलईडी यांच्यात आहे, आणि इथे मला ओएलईडीवर अन्याय करायचा नाही. त्यात मागे दिवे नसतात. प्रत्येक ठिपका स्वतः प्रकाश देतो आणि काळा दाखवायचा असेल तेव्हा पूर्ण विझतो, त्यामुळे अंधाऱ्या खोलीत चित्रपट पाहण्यासाठी आजही मला त्याच्या तोडीचे काही वाटत नाही. बाजूने पाहतानाही त्याचे रंग फिके पडत नाहीत. माझ्या स्वतःच्या घरी तळघरातल्या खोलीत ओएलईडीच आहे. परंतु आपल्या घराच्या दोन गोष्टी त्याच्या विरोधात जातात.

पहिली गोष्ट ते पश्चिमेचे काचेचे दार. ते सोफ्याच्या मागे असल्यामुळे दुपारी तीननंतर थेट पडद्यात दिसेल. ओएलईडीचा पडदा छोट्या भागात उत्तम चमकतो, पण सगळा पडदाच उजळ असेल, जसे दुपारच्या सामन्यातले हिरवे मैदान, तेव्हा वीज आणि उष्णता आटोक्यात ठेवण्यासाठी तो स्वतःच तेज बरेच खाली आणतो. मिनी एलईडी अशा वेळी बराच तग धरतो. अर्थात प्रतिबिंब कुठलाच टीव्ही पूर्ण खाऊ शकत नाही. इथल्या भाड्याच्या घरांना त्या प्लॅस्टिकच्या उभ्या पट्ट्यांचे पडदे दिलेले असतात, त्यांच्या फटींमधून नेमकी उन्हाची रेघ पडद्यावर येते. त्यावर जाडसर कापडी पडदा लावण्याचा 40-50 डॉलरचा खर्च टीव्हीच्या किमतीत आधीच धरावा.

दुसरी गोष्ट आई-बाबांची. हे मी अनुभवाने सांगतो. तळघरातला ओएलईडी घेण्याआधी माझ्या घरी वरच्या खोलीतही एक होता. माझे सासरे पाच महिने आमच्याकडे राहिले होते आणि सकाळी सातपासून एकच मराठी वृत्तवाहिनी लागलेली असे. खाली लाल पट्टी, तिच्यावर पांढरी अक्षरे, उजव्या कोपऱ्यात वाहिनीचे बोधचिन्ह. ते परत गेल्यानंतर एका रात्री हिमाच्छादित डोंगराचे दृश्य पडद्यावर आले आणि त्या बर्फाच्या खालच्या बाजूला सगळ्यांना तीच पट्टी दिसली, मळकट, जराशी हिरवट, पण ठळक. ओएलईडीचे ठिपके वापराने झिजतात, आणि एकाच जागी सतत प्रखर लाल दाखवणारे ठिपके शेजाऱ्यांच्या आधी झिजतात. त्याची ही खूण. बहुतेक हमीपत्रांत या झिजेचा समावेश नसतो, माझ्याही नव्हता.

यात आणखी एक बारकावा आहे, जो आपल्या लोकांच्या घरी विशेष लागू पडतो. ओएलईडी टीव्ही काही तासांच्या वापरानंतर बंद केला की, स्टँडबायवर असताना काही मिनिटे स्वतःच्या ठिपक्यांची मोजदाद करून दुरुस्ती करत असतो. त्यासाठी त्याला वीज मिळत राहिली पाहिजे. आपल्या वडीलधाऱ्यांना रात्री सगळी बटणे बंद करून झोपायची सवय असते, आणि इथल्या सॉकेटला बटण नसते म्हणून ते सरळ प्लग उपसून ठेवतात. माझे सासरे रोज रात्री तेच करत. चूक त्यांची नव्हती, मी सांगायला हवे होते.

मिनी एलईडीत या प्रकारची झीज नाही, पण त्याचेही दोष आहेत, तेही ऐका. काळ्या पार्श्वभूमीवर पांढरी अक्षरे आली की, त्या गटातले दिवे पेटतात आणि अक्षरांभोवती धुकट प्रभा दिसते. ती रात्री, अंधारात आणि बाजूने बसल्यावर जास्त जाणवते, आणि गट जितके जास्त तितकी ती कमी असते. दुसरा दोष जेवणाच्या टेबलाशी निगडित आहे. या टीव्हींच्या काचा मुख्यतः दोन जातीच्या असतात. व्हीए जातीत काळ्या-पांढऱ्याचे गुणोत्तर 3000 ते 5000 असते, पण समोरून हलले की रंग धुपल्यासारखे दिसतात. आयपीएस जातीत बाजूने चांगले दिसते, मात्र ते गुणोत्तर 1000 च्या आसपासच असते. चांगले मिनी एलईडी बहुधा व्हीए असतात. तेव्हा जेवताना तिरक्या बाजूने पाहणाऱ्याला रंग थोडे फिके दिसतील, आणि ते सोसवेल का हे आपल्यालाच ठरवावे लागेल. बातम्या ऐकत जेवणाऱ्याला माझ्या मते ते सहज सोसवते. काही महागड्या मॉडेलांत काचेवर कोन वाढवणारा थर असतो, तो मिळाला तर उत्तमच.

हे सगळे दुकानात पाहून ठरवता येईल, अशी अपेक्षा ठेवू नये. दुकानातला टीव्ही दुकानासाठीच्या मोडमध्ये असतो. वर पांढरेशुभ्र दिवे, पडद्यावर पोपटांची आणि फळांची खास चित्रफीत, तेज टोकाला आणि पांढऱ्या रंगात निळी झाक. त्या रांगेत जो जास्त निळा तो जास्त स्वच्छ वाटतो, आणि नेमका योग्य रंगाचा टीव्ही पिवळट व मळका भासतो. घरी आणल्यावर चित्राचा मोड सिनेमा किंवा फिल्ममेकर असा निवडा. पहिले दोन दिवस सगळ्यांना तो पिवळा वाटतो; तिसऱ्या दिवशी जुना मोड लावून पाहिला की सगळ्यांचे चेहरे निळे दिसतात. दिवसा पाहताना त्याच मोडमध्ये बॅकलाइट तेवढा वाढवावा, रंग आणि धार यांना हात लावू नये.

क्रिकेटबद्दल थोडे विस्ताराने लिहितो, कारण या देशातले विक्रेते त्याबद्दल काही सांगू शकत नाहीत. भारतात, इंग्लंडमध्ये आणि ऑस्ट्रेलियात प्रक्षेपण 50 च्या पटीत चालते, म्हणजे सेकंदाला 50 फ्रेम. तिथल्या विजेच्या 50 हर्ट्झ वारंवारतेशी जुळवून ही पद्धत पडली. अमेरिकेत वीज 60 हर्ट्झची, म्हणून टीव्ही आणि त्याला जोडलेले सगळे खोके 60 चे. वानखेडेवरचा सामना आपण विलो या इथल्या क्रिकेट वाहिनीवर पाहता तेव्हा त्या 50 फ्रेम 60 जागांत बसवाव्या लागतात. दर पाच फ्रेमनंतर एक फ्रेम दोनदा दाखवली जाते आणि सेकंदाला असे दहा बारीक अडखळे येतात. एरवी ते कळत नाहीत, पण कॅमेरा चेंडूच्या मागे सीमारेषेकडे धावतो तेव्हा कुंपणावरच्या जाहिराती थरथरतात आणि चेंडूला शेपटी फुटते. लोकांना वाटते इंटरनेट मंद आहे. काही स्ट्रीमिंग खोक्यांत फ्रेमचा वेग मूळ चित्राप्रमाणे ठेवण्याची सोय असते. ती चालू करून पाहावी, कारण टीव्ही आणि ॲप या दोघांनी साथ दिली तर 50 फ्रेम 50 च राहतात. साथ मिळाली नाही तर टीव्हीतली हालचाल मृदू करण्याची सोय दहापैकी दोन किंवा तीनवर ठेवावी. दहावर ठेवली तर सामना गुळगुळीत होतो खरा, पण रात्री चित्रपट लावला की तो मालिकेसारखा दिसू लागतो, कारण चित्रपट 24 फ्रेमचा असतो आणि त्याची ती किंचित जड चालच आपल्याला चित्रपट म्हणून ओळखीची असते.

याच कारणासाठी पडदा मुळातच 120 हर्ट्झचा, म्हणजे सेकंदाला 120 वेळा चित्र ताजे करणारा असावा. 120 ला 24 ने पूर्ण भाग जातो, 60 ला जात नाही, त्यामुळे चित्रपट 120 च्या पडद्यावर अडखळत नाही. मात्र जाहिरातीत ‘मोशन’ या शब्दाच्या पुढे 240 किंवा 480 असा आकडा दिसला तर तो बाजूला ठेवा आणि तपशिलांच्या पानावर मूळ रिफ्रेश रेट किती हे शोधा. 240 च्या पाटीमागे पुष्कळदा 60 चाच पडदा निघतो.

भिंतीवर लावण्याच्या मी विरोधात आहे, निदान भाड्याच्या घरात. पुण्याच्या विटांच्या भिंतीत प्लग ठोकून कुठेही स्क्रू पिळता येतो. इथे भिंत म्हणजे अर्ध्या इंचाचा जिप्समचा पत्रा आणि त्यामागे दर 16 इंचांवर उभे लाकूड. 75 इंची टीव्हीचे वजन 30 ते 35 किलोच्या घरात जाते, आणि ते फक्त त्या लाकडालाच टांगता येते. मधल्या पोकळीत टांगल्यास आज ना उद्या पत्रा सोडून तो खाली येईल. शिवाय लाकूड जिथे असेल तिथेच टीव्ही बसतो, सोफ्याच्या मध्याशी ते जुळेलच असे नाही, आणि घर सोडताना त्या भोकांचा हिशेब अनामत रकमेतून होतो. टेबलावर ठेवताना दोन मापे बघावीत. अनेक मोठ्या टीव्हींचे पाय अगदी दोन टोकांना असतात, म्हणून टेबलाची लांबी पडद्याच्या नव्हे तर पायांच्या मापाने निवडावी. आणि बसल्यावर डोळ्यांची उंची जमिनीपासून साधारण 41 इंच धरली तर 37 इंच उंच पडद्याची खालची कड 22 इंचांच्या आसपास आली पाहिजे, म्हणजे टेबल 20 इंचांचे पुरे. शेकोटीच्या वर टीव्ही लावण्याची जी इथली फॅशन आहे ती मी कितीतरी घरांत स्वतःच्या हाताने पुरवली आहे आणि तितक्याच घरांत वर्षभराने मानदुखीच्या तक्रारीनंतर खाली उतरवली आहे. लहान मूल घरात असेल किंवा येत-जात असेल तर टीव्हीच्या पाठीमागून भिंतीतल्या लाकडाला एक पट्टा मात्र जरूर बांधा; त्याला एका स्क्रूचे भोक पुरते.

आवाजाबद्दल एवढेच, की पातळ टीव्हीचे स्पीकर खाली किंवा मागे तोंड करून असतात, आणि वयस्कर माणसांना संवाद कळत नाहीत म्हणून आवाज वाढत जातो. ईएआरसी लिहिलेल्या एचडीएमआय जोडणीला एक साधा साउंडबार लावावा. बास देणारा वेगळा डबा टाळावा किंवा त्याच्याखाली रबरी चटई घालावी, कारण आपल्या इमारतीची जमीन लाकडी आहे आणि खालच्या मजल्यावरही माणसे राहतात. टीव्हीत कुठली ॲप आहेत यावरून टीव्ही निवडू नये. ॲप येतात-जातात, आणि टीव्हीला जोडायच्या 30 ते 50 डॉलरच्या स्ट्रीमिंग स्टिकने ती उणीव केव्हाही भरून काढता येते.

खरेदीची वेळ सांगायची तर नवी मॉडेल वसंतात दुकानात येतात, त्यामुळे फेब्रुवारी ते एप्रिल या काळात मागच्या वर्षीचे चांगले मॉडेल उतरत्या भावात मिळते, आणि फेब्रुवारीतल्या सुपर बोलच्या, म्हणजे अमेरिकी फुटबॉलच्या अंतिम सामन्याच्या, आधीच्या आठवड्यात तर हमखास. नोव्हेंबरच्या चौथ्या गुरुवारनंतरच्या त्या प्रसिद्ध सेलमध्येही भाव उतरतात, मात्र तेव्हा मॉडेलचा क्रमांक अक्षरन् अक्षर जुळवून पाहावा, कारण एका अक्षराच्या फरकाने जोडण्या आणि दिव्यांचे गट कमी केलेले भावंड हाती येऊ शकते. न्यू जर्सीचा 6.625 टक्के विक्रीकर छापील किमतीवर वेगळा पडतो. कॉस्ट्कोचे सभासद असाल तर तिथला विचार आधी करावा; ते टीव्ही 90 दिवसांत परत घेतात आणि निर्मात्याच्या एका वर्षावर आणखी एका वर्षाची हमी देतात.

75 इंची खोका साध्या मोटारीत मावत नाही आणि तो आडवा झोपवून तर कधीच नेऊ नये, कारण काच स्वतःच्याच वजनाने मध्ये वाकते. घरपोच मागवावा आणि आणणारी माणसे दारात असतानाच तो चालू करून बघावा. नंतर पहिल्या आठवड्यात तीन परीक्षा घ्याव्यात. यूट्यूबवर पूर्ण करड्या रंगाची चित्रफीत लावून डाग किंवा उभे पट्टे आहेत का पाहावे; रात्री सगळे दिवे घालवून पूर्ण काळ्या पडद्याचे कोपरे पाहावेत; आणि एक क्रिकेटचा सामना पाहावा. करड्या पडद्यावर डोळ्यांतून निसटलेला डाग कॅमेरा हिरव्या मैदानावरून फिरताना मळक्या काचेसारखा दिसतो. काही डाग दिसलाच तर संकोच न करता टीव्ही बदलून घ्यावा. इथे त्यासाठी कुणी तोंड वाकडे करत नाही.

आता शेवटचा प्रश्न, पुण्याला नेण्याचा. टीव्हीच्या पाठीवरची पट्टी वाचा. त्यावर 100-240 व्होल्ट लिहिले असेल तर विजेची अडचण नाही. 120 व्होल्ट, 60 हर्ट्झ एवढेच लिहिले असेल तर तो पुण्यातल्या सॉकेटला थेट लावता येणार नाही. 120 व्होल्टचे शिखर साधारण 170 व्होल्टचे असते आणि आतले कपॅसिटर त्या हिशेबाने बसवलेले असतात. 230 व्होल्टचे शिखर 325 ला जाते. असा लावलेला एक टीव्ही मी ठाण्याच्या सुट्टीत उघडून पाहिला आहे. मोठा कपॅसिटर फुटून त्याचा रस सगळ्या बोर्डावर उडाला होता आणि घरभर माशासारखा वास होता. व्होल्टेज उतरवणारा ट्रान्सफॉर्मर वापरता येतो, पण तो तापतो, गुणगुणतो आणि टेबलामागे कायमचा पडून राहतो. अमेरिकेचा अँटेनाचा ट्यूनर भारतात निरुपयोगी आहे, डीटीएचचा खोका एचडीएमआयने जोडता येतो परंतु त्याचा संकेत 50 हर्ट्झचा असतो आणि अमेरिकेतले प्रत्येक मॉडेल तो स्वीकारतेच असे नाही. इथली हमी तिथे चालत नाही, आणि काच फुटली तर त्या मॉडेलची काच पुण्यातल्या सर्व्हिस सेंटरकडे नसते. समुद्रमार्गे जाणाऱ्या सामानात फुटण्याचा पहिला मान टीव्हीचाच असतो.

सीमाशुल्काचा प्रश्न वेगळाच. 26 ऑगस्ट 2013 पासून प्रवाशाच्या सामानातल्या सपाट पडद्याच्या टीव्हीला शुल्कमुक्त सवलत मिळेनाशी झाली आणि त्यावर 35 टक्के व वर उपकर असे शुल्क लागू लागले. दुबई-बँकॉकहून टीव्ही आणणाऱ्यांची रांग तेव्हाच आटली. कायमचे परतणाऱ्यांसाठीचे नियम वेगळे असतात, ते निघण्याआधी सीमाशुल्क विभागाकडून पाहून घ्यावेत. त्यातच 22 सप्टेंबर 2025 पासून भारतात 32 इंचांहून मोठ्या टीव्हीवरचा जीएसटी 28 वरून 18 टक्क्यांवर आला आहे, त्यामुळे तिथे तिथलाच टीव्ही घेणे हे तीन वर्षे वापरलेला टीव्ही नेण्यापेक्षा मला सर्व बाजूंनी सरळ वाटते. एडिसनमध्ये दर महिन्याला कुणीतरी नवे मराठी कुटुंब येतच असते; खोका आणि आतला थर्माकोल जपून ठेवलात तर आपला टीव्ही त्यांच्या घरी उभाच्या उभा, सुखरूप जाईल. साउंडबारच्या ॲडॅप्टरवर 100-240 व्होल्ट असेल तर तो खुशाल न्यावा, आणि स्टिक तर यूएसबीच्या पाच व्होल्टवर चालते, ती हातातल्या पिशवीत टाकावी.